लहानू मिस्त्रीचा गिलावा

माझे बाबा, लहानू मिस्त्री, स्वतःच्या कामाची तारीफ स्वतःच करत. दुसरा कोणी करील म्हणून वाट बघत बसण्याइतका दम त्यांच्यात नव्हता. धरमपेठेत एका वकिलाच्या बंगल्याला त्यांनी गिलावा केला होता. त्या रस्त्यानं जाणं झालं की ते सायकल थांबवत, मला कॅरिअरवरून उतरवत आणि म्हणत, "पाह्य प्रेमिला, ह्या भिंतीवर माशी बसली तं घसरून पडन." मी पुष्कळदा उभी राहून बघितलं. माशी पडताना दिसली नाही, पण भिंत गुळगुळीत होती हे मान्य करायलाच हवं.

त्यांच्या हाताला गिलाव्याची खाजच होती. घरातला ओटा, मोरी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं घोटून चकचकीत. एकदा आईनं बाजारातून नवा माठ आणला, तर यांनी त्याला बाहेरून ऑइलपेंट देऊन टाकला. त्या उन्हाळ्यात घरातले आम्ही सगळे कोमट पाणी प्यायलो. माझी आई, कांताबाई, एवढंच म्हणाली, "आता मलेबी एक हात मारून द्या, म्हंजे घामच येनार नाई." बाबा हसले, पण माठ काही बदलला नाही.

हा माणूस एकदाच चुकला, आणि चुकला तेही त्याच्या सर्वांत चांगल्या कामात. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमची वस्ती कामठी रोडच्या बाजूला, शहर संपून वावरं सुरू होत तिथं. वस्तीच्या वरच्या अंगाला मालगुजारांचं, म्हणजे जुन्या जमीनदारांचं, वावर आणि त्यात त्यांची विहीर, मोठी, दगडी, आत उतरायला पायऱ्या असलेली. मालगुजारी कायद्यानं गेली तरी लोकांच्या तोंडातून ती जायला वेळ लागला. छप्पन सालापर्यंत आमच्या बायका त्या विहिरीपासून लांब, चिंचेच्या झाडाखाली, घागर घेऊन उभ्या राहत. पायरीवर पाऊल ठेवायचं नाही, काठाला हात लावायचा नाही. कोणाला दया आली तर तो पोहरा ओढी आणि उंचावरून त्यांच्या घागरीत धार सोडी. शिंतोडा उडाला तर वर शिव्या. माझी आई लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येईस्तोवर त्या चिंचेखाली उभी होती, आणि रिकामी घागर घेऊन परतली. हे सांगताना ती कधी रडली नाही. तिचे ओठ नुसते घट्ट मिटायचे, आणि आज भाजीत तिखट जास्त पडणार हे आम्ही ओळखायचो.

वस्तीनं दीक्षा घेतली आणि पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःची विहीर खणायला घेतली. जागा दादाजींनी दाखवली. दादाजी म्हणजे वस्तीतले सर्वांत वयस्क आणि सर्वांत मोठ्या आवाजाचे. दाखवली म्हणजे काय, मोकळी जागा आमच्याकडे तेवढीच होती. पुरुषांनी कुदळी चालवल्या, बायकांनी मुरमाची घमेली डोक्यावरून वाहिली. खाली काळा खडक लागला. तो फोडायला सुरुंग कुठून आणणार? पण तिथंच, खडकावर, पाणी जमायला लागलं. दादाजी खाली उतरले, ओंजळ भरून प्यायले आणि वर तोंड करून ओरडले, "हे पाताळातलं पानी व्हय! कोनाच्या वावरातून नाई आलं, कोनाच्या हातून नाई आलं. सरळ खालून आलं, आपल्यासाठी!"

हे बोलणं वस्तीच्या मनात जे बसलं ते बसलंच. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातून पडणाऱ्या धारेकडे बघितलेल्या माणसांना, आपलं पाणी कोणाच्याच उपकाराचं नाही, हे ऐकायला किती गोड लागत असेल! मग दरवर्षी बुद्धपौर्णिमेला विहिरीचा गाळ काढायचा आणि नव्या पाण्याचा पहिला पोहरा वस्तीनं एकाच पितळी गिलासातून, एकामागून एक, प्यायचा, असा रिवाज पडला. तो गिलास दादाजींच्या घरी असे. पिऊन झाल्यावर कोणी तो विसळत नसे. मुद्दामच.

विहीर आपली होती, पण दिसायला काही खास नव्हती. आतून दगड नुसते एकावर एक रचलेले, मध्ये चुना नाही, सिमेंट नाही. फटींतून माती पडे, पिंपळाची रोपं उगवत, आणि एकदा पोहऱ्यात बेडकांच्या सोबतीनं एक विरोळा साप वर आला तेव्हा बायकांनी दोर टाकून जी धूम ठोकली! बाबांना हे बघवत नसे. लोकांचे बंगले आपण आरशासारखे करतो आणि आपल्या विहिरीची ही दशा, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

अडुसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतलं. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. घर बांधायला ज्यांना ते मिळालं होतं, त्यांनी आपल्या वाट्यातलं काढून दिलं. कुणाची न्हाणी अर्धी राहिली, कुणाची भिंत. "धरमपेठेतल्या बंगल्यावानी करून देतो," बाबा म्हणाले. "गाळ काढाचं कामच उरनार नाई." कोणीतरी विचारलं, पाणी येईल ना बरोबर? दादाजींनी त्याला झापलं. पाणी खालून येतं, बाजूनं नुसती माती येते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बाबा दोराच्या फळीवर बसून आत उतरत आणि संध्याकाळी सिमेंटनं पांढरे होऊन वर येत. सगळ्या फटी भरल्या. वरून खाली गिलावा केला, त्यावर सिमेंटची घोटाई केली, आणि अगदी खाली, भिंत जिथं खडकाला टेकते ती चीर तर त्यांनी बोटानं दाबून दाबून बुजवली. काम झालं तेव्हा वस्ती काठावरून आत वाकून बघत होती. दादाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीर म्हणावी की राणीचा हौद, असं ते रूप होतं. "माशी बसली तं..." बाबांनी सुरुवात केली, आणि सगळ्या वस्तीनं ते वाक्य पुरं केलं.

कामासाठी विहीर उपसली होती, म्हणून त्या बुद्धपौर्णिमेला गिलास रोडवरच्या नळाच्या पाण्यानं भरला. एवढा पाऊस पडू दे, मग बघा, असं म्हणून सगळे ते प्यायले.

पाऊस पडला, भरपूर पडला. रोडच्या कडेचे खड्डे भरले, नाला वाहू लागला, वावरांत चालताना पाय रुतायला लागले. मालगुजारांच्या विहिरीला तर कधी नव्हे इतकं पाणी आलं. वरच्या पायऱ्यांवर बसून तांब्यानं घ्यावं इतकं. आणि आमच्या विहिरीत वरून तोंडातून पडलं तेवढंच. घोटाभर. त्यात आभाळ मात्र स्वच्छ दिसे.

"नवं काम आहे, वेळ लागते," बाबा म्हणाले. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग त्यांनी म्हणणं सोडून दिलं. आमच्या घरी बाबा गप्प, ही गोष्ट इतकी नवी होती की मला तापाचीच शंका आली. वस्तीतलं कोणी त्यांना बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळे तरी झाले असते. बायका विहिरीत डोकावत, घागर कमरेवर घेत आणि रोडवरच्या नळाकडे चालू लागत. आई दोन घागरी डोक्यावर, एक कमरेवर घेऊन येई. बाबा ओट्यावरून तिच्या मानेकडे बघत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

त्यातच रोड रुंद करणाऱ्यांनी नळाची लाइन फोडली. दुरुस्ती कधी होईल, कोणाला माहीत नव्हतं. आणि तेव्हाच मधुकररावांचा निरोप आला.

मधुकरराव म्हणजे मालगुजारांच्या घरातले आताचे कर्ते. वाईट माणूस नव्हता. खरं सांगायचं तर भला होता, आणि गोष्ट अवघड झाली ती त्यामुळेच. निरोप असा होता, की आमच्या विहिरीला यंदा देवाच्या दयेनं रगड पाणी आहे, बायकांना पाठवा, आमचा गडी पोहरा ओढून घागरी भरून देईल.

गडी भरून देईल. मधुकररावांनी ते चांगल्या मनानंच म्हटलं असणार. कायदा आता आमच्या बाजूनं होता, कोणी आम्हाला पायरीवरून हाकललंही नसतं कदाचित. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चिंचच उभी राहिली.

वस्तीत दोन तट पडले. लेकरं तहानलेली आहेत, कशाला ताठा, असं एकांचं म्हणणं. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. आषाढी पौर्णिमेला सकाळी विहारात बसून ठरवायचं असं झालं. आदल्या दिवशी दुपारी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बाकीच्या बाया जातीन तं जावो. त्यायचं बरोबर आहे. मी त्या चिंचेखाली परत उभी रायनार नाई."

"मंग पानी कुठून आनशीन वं?" बाबांनी विचारलं.

"कुठूनबी. नाल्याचं आनीन, गाळून पिऊ. पन त्या विहिरीपुढं घागर धरनार नाई. मी माह्या डोक्यावर मुरूम वायला होता ह्याच्यासाठी."

ती ओरडून बोलली असती तर बाबांनी उलट उत्तर दिलं असतं. ती हळू बोलली. बाबा भाकरीला हात न लावता उठले, शिडी घेतली आणि विहिरीकडे निघाले. मी मागं मागं गेले, कारण त्या चेहऱ्यानं माणूस विहिरीकडे निघाला की मागं जावंच लागतं.

ते आत उतरले. घोटाभर पाण्यात उभे राहून त्यांनी भिंतीवर हात फिरवला. खालपासून वरपर्यंत कोरडी, सुबक, कुठं चीर नाही. मग ते वाकले आणि खडकाजवळच्या त्या जोडावर त्यांनी तळवा टेकवला. तसाच ठेवला.

"प्रेमिला," ते खालून म्हणाले, "भिताड थंडगार आहे गा. अन् दमट आहे." बाबा मला मुलगा असल्यासारखं 'गा' म्हणत. "मांगं पानी उभं आहे."

मग विहिरीतून जे ऐकू आलं ते मी इथं लिहीत नाही. मिस्त्री लोकांच्या शिव्या असतात, त्यातल्या ठेवणीतल्या. सगळ्या त्यांनी स्वतःलाच घातल्या.

वर आल्यावर ते धापा टाकत काठावर बसले. उमरेड रोडच्या पुलाची भिंत त्यांनीच बांधली होती. मातीला टेकून भिंत उभी करायची तर तिच्यात जागोजाग नळीची भोकं ठेवावीच लागतात; मातीत मुरलेलं पाणी कुठून तरी निघालं पाहिजे, नाहीतर ते भिंत ढकलून देतं. एका पोराला नळी ठेवायला विसरल्याबद्दल त्यांनी तिथं कानफटवलं होतं. "अन् इथं मीच विसरलो," ते म्हणाले. "काहून का इथं मले वाटलं पानी खालून येते. आपल्या साऱ्यायलेच तसं वाटाचं." पाणी तळातून फुटत नव्हतंच. पाऊस मुरमात मुरतो, खडकात त्याला शिरता येत नाही, म्हणून तो खडकाच्या पाठीवरून सरकत येतो आणि दगडांच्या फटींतून आत पडतो. विहीर म्हणजे त्याच्या वाटेतला खड्डा. हौदाला पाणी बाहेर जाऊ द्यायचं नसतं, आणि विहिरीला ते आत येऊ द्यायचं असतं. बाबांनी अप्रतिम हौद बांधला होता.

दुसऱ्या सकाळी विहारात दादाजी बोलायला उठले, त्याआधीच बाबा उभे राहिले. कोपऱ्यात उभं राहून मान खाली घालणं त्यांना जमणारं नव्हतंच. छाती काढूनच बोलले.

"आयका सारे. चूक झाली, माहीच झाली. पानी मांगं अडून राह्यलं आहे. आज फोडतो. पन एक सांगून ठेवतो, इतका पक्का गिलावा साऱ्या नागपुरात दुसऱ्या कोनाच्या बापाले जमला नसता. एक थेंब आत येऊ देल्ला नाई!"

"हाव, मोठा पराक्रम केला," बायकांच्या बाजूनं आई म्हणाली. "आता फोडा."

हसू फुटलं. पंधरवड्यात पहिल्यांदा वस्ती हसली, आणि दादाजींचं भाषण राहूनच गेलं.

बाबांच्या कमरेला दोर बांधला. वरचं टोक आम्ही सगळ्यांनी धरलं, बायांनीसुद्धा. त्यांनी छन्नी लावली ती खालच्या जोडावर नाही. आधी वर, मग थोडं खाली, मग आणखी खाली, असं अंदाजानं. मागं उभं असलेलं पाणी एकदम अंगावर यायला नको. स्वतःच्या घोटाईवर पहिला घाव घालताना ते क्षणभर थांबले. मी वरून बघत होते. मग हातोडा पडला आणि पडतच राहिला. कपच्या उडाल्या. वरच्या भोकांतून आधी नुसती ओल आली. खालचं एक भोक पडलं आणि त्यातून मनगटाएवढी धार सुटून बाबांच्या छातीवर बसली. ते आडवे झाले. आम्ही दोर ओढला. खालून आवाज आला, "ओढू नका रे! न्हाऊन राहिलो!"

त्या दिवशी विहीर कमरेइतकी भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस बुडेल इतकी. पाणी गढूळ होतं, आणखी एक दिवस गाळ खाली बसू दिला. मग दादाजींच्या घरून पितळी गिलास आला, आणि बुद्धपौर्णिमेचा राहिलेला रिवाज आम्ही आषाढात पुरा करायला जमलो.

पोहरा नुकताच वर आला होता. तेवढ्यात वरच्या वावरातून मधुकरराव येताना दिसले. धोतर वर धरून, चिखलातून, एकटेच. वस्तीत ते सहसा येत नसत. विहिरीशी येऊन त्यांनी आत बघितलं आणि मग बाबांकडे.

"लहानू, तू काय करून राहिला गा? आमच्या विहिरीच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या. परवापर्यंत पाण्यात होत्या."

ते रागानं नाही, खरंच कोड्यात पडून विचारत होते. बाबांनी एकदा त्यांच्या विहिरीकडे बघितलं, एकदा आमच्या, आणि मधल्या उताराकडे. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कामातलं काही उमगलं की त्यांना ते सांगितल्याशिवाय राहवत नसे, समोर कोण आहे याची तमा नाही.

"बरोबर आहे, मधुकरराव! पानी तुमच्या अंगानं येते. खडकावरून सरकत तुमच्या विहिरीत, तिथून आमच्या विहिरीत, अन् आमच्यातून नाल्यात, नाल्यातून कन्हान नदीले. मी इथं बूच मारलं म्हनून ते तुमच्याकडे तुंबलं. यंदाचं तुमचं जास्तीचं पानी आमचंच व्हय. आता वाट मोकळी केली."

मधुकररावांनी वळून आपल्या विहिरीकडे बघितलं. पण मी बघत होते दादाजींकडे. त्यांच्या हातातला गिलास खाली आला होता. "म्हंजे... पाताळातलं नाई?" ते म्हणाले. "ह्यायच्याच विहिरीतून येते?"

मला वाटलं, संपलं आता. इतकी वर्षं छातीशी धरून ठेवलेलं एक वाक्य गेलं. ज्या पाण्यापासून तोंड फिरवून आम्ही एवढं खणलं, तेच पाणी आमच्या विहिरीत निघालं.

आणि आई हसायला लागली. आधी पदर तोंडाशी धरून, मग तोही सोडून, मोकळी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मधुकरराव गोंधळून बघत राहिले.

"कायले हसून राह्यली वं?" बाबांनी विचारलं.

"हसू नाई तं काय करू? मी लग्नाची नवरी, चिंचेखाली उभी. पानी बाटन म्हनून काठाले हात लावू देत नोते. अन् पानी तं खालच्या खालून रोज आमच्याकडे येऊन राह्यलं होतं. कोनाले न विचारता. तुमची शिवाशिव त्याले कोनी सांगितलीच नाई, मधुकरराव."

तिनं दादाजींच्या हातातून गिलास घेतला, पोहऱ्यात बुडवला आणि भरून मधुकररावांपुढे धरला. तिचा हात सरळ होता. मधुकररावांनी गिलासाकडे बघितलं, भोवतालच्या आम्हा सगळ्यांकडे बघितलं, आणि तो दोन्ही हातांनी घेऊन प्यायले. सगळा.

"गोड आहे," ते हळूच म्हणाले. "आमच्या पाण्यासारखंच आहे."

"सारखं नाई," आई म्हणाली. "तेच व्हय."

तिनं गिलास परत घेतला. तो न विसळता पुन्हा पोहऱ्यात बुडवला आणि त्यांच्यासमोर स्वतः प्यायली.